एमबीबीएसचा मेंटॉर गट कसा चालवावा

मेंटॉर-मेंटी योजना, म्हणजे विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक शिक्षक नेमून देणं, महाराष्ट्रातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत आहे, निदान रजिस्टरात तरी. २०१९ पासून सीबीएमई (क्षमताधारित) अभ्यासक्रम लागू झाला, सुरुवातीच्या दिवसांचा फाउंडेशन कोर्स आला, ऐटकॉम (वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद) मॉड्यूल आलं, आणि त्यांच्याबरोबर 'प्रत्येक विद्यार्थ्याला एक मेंटॉर' ही अपेक्षाही आली. पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. यादी नोटीस बोर्डवर लागते, पहिल्या महिन्यात एक चहापान होतं, आणि वर्षभराच्या सह्या इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी गोळा होतात.

योजना फसते ती शिक्षक उदासीन असतात म्हणून कमी आणि गटाला एकत्र करायला काही कामच नसतं म्हणून जास्त. पाच अनोळखी मुलं आणि एक प्रोफेसर चेंबरमध्ये समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत. सोबत काम करता करता करतात. खालची सगळी रचना त्या हिशेबाने केली आहे.

गट पाडताना

प्रवेशक्षमता १५० असेल तर दर बॅचमधून पाचजण धरून ३० गट होतात. हे गट उभे ठेवा, म्हणजे एकाच मेंटॉरकडे फर्स्ट इयरपासून फायनलपर्यंतचे पाच-पाच विद्यार्थी, एकूण वीसच्या आसपास. दरवर्षी नवा मेंटॉर दिला तर ओळख होईपर्यंतच वर्ष संपतं.

रोल नंबरने गट पाडू नका. डिसेक्शनचं टेबल, प्रॅक्टिकलची बॅच, पुढे वॉर्डची पोस्टिंग, सगळं रोल नंबरनेच पडतं. मेंटॉर गटही तसाच पडला तर टेबलावरचं भांडण गटात येतं आणि गटात बोललेलं दुसऱ्या दिवशी टेबलावर पोचतं. यादी हाताने बनवा, दोन तासांचं काम आहे. एका गटात एकटी मुलगी किंवा एकटा मुलगा नको. हॉस्टेलवाले आणि घरून येणारे मिसळा. ऑल इंडिया कोट्यातून परराज्यातून आलेला एक आणि मराठी माध्यमातून आलेला एक, अशी जोडी शक्य तिथे एकाच गटात ठेवा. तिचा उपयोग पुढे येईल.

प्रत्येक गटाला दोन शिक्षक द्या, एक प्री किंवा पॅरा क्लिनिकल विषयाचा (वॉर्डाबाहेर शिकवला जाणारा), एक क्लिनिकल (रुग्ण तपासणारा). अ‍ॅनाटॉमीच्या मॅडमना फर्स्ट इयरची मुलं रोज दिसतात; सर्जरीच्या सरांना ती पुढे वॉर्डात दिसतात. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. शासकीय महाविद्यालयात बदली आणि डेप्युटेशन कधी निघेल याचा भरवसा नसतो, आणि एकाच शिक्षकावर टांगलेला गट त्याच्या रिलीव्हिंग ऑर्डरबरोबर संपतो. रेसिडेंटना (पदव्युत्तर शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांना) मेंटॉर करू नका. त्यांना स्वतःला झोपायला वेळ मिळत नाही.

मेंटॉर आणि परीक्षक ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे आली की बोलणं थांबतं. विषय तुमचाच असेल तर तुमच्या मेंटीचा इंटर्नलचा (महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेचा) व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, दुसऱ्या टेबलावर जाईल, हे विभागप्रमुखांशी आधीच ठरवा आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

सीनियर मुलांना मदतीला घ्यायचं तर स्वेच्छेने पुढे आलेले थर्ड इयरचे घ्या, लगेच वरच्या बॅचचे नकोत. रॅगिंगचा धोका बहुधा त्या एका वर्षाच्या अंतरातच असतो. भेट कॅम्पसवर, दिवसा. हॉस्टेलच्या खोलीत नाही.

वेळेचा हिशेब डीनपुढे ठेवा

वीस विद्यार्थी, प्रत्येकी वर्षातून दोन वैयक्तिक भेटी, भेट २० मिनिटांची: ८०० मिनिटं. गटाच्या दहा बैठका, प्रत्येकी ४५ मिनिटं: ४५० मिनिटं. गावच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी चार तास. सगळं मिळून वर्षाला २९ तास, आणि ते दोघांत वाटायचे. आकडा लहान आहे, पण तो ओपीडीच्या रोस्टरमध्ये दिसत नसेल तर प्रत्यक्षात शून्य होतो. महिन्यातला एक वार आणि एक तास, समजा दुसरा गुरुवार दुपारी चार ते पाच, सगळ्या महाविद्यालयासाठी ठरवून घ्या. त्या तासाला लेक्चर नाही, इंटर्नल नाही, डिपार्टमेंटची मीटिंग नाही. हे परिपत्रक निघत नसेल तर योजना सुरू करायची घाई करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत ही पद्धत ज्यांनी नीट रुजवली त्यांनी नेमकं हेच केलं. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये २००१ पासून आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये २००५ पासून विद्यार्थी 'कॉलेजां'मध्ये विभागले जातात. हॉपकिन्सची चार कॉलेजं तिथे काम केलेल्या सेबिन, थॉमस, नेथन्स आणि टॉसिग यांच्या नावांनी आहेत. तिथले सल्लागार शिक्षक आपल्याच गटाला हिस्टरी (रुग्णाला विचारून आजाराची माहिती घेणं) आणि तपासणीही शिकवतात. म्हणजे ओळख होते ती रुग्णाच्या खाटेशी, आणि त्या कामाला अधिकृत वेळ दिलेला असतो. आपल्याकडे सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं उदाहरण याहून जुनं आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या त्या महाविद्यालयात नवी बॅच आधी आश्रमात राहते आणि मग एक गाव दत्तक घेते. मुलं आणि शिक्षक एकत्र राबतात. मेंटॉरिंग वेगळं 'घ्यावं' लागत नाही.

पहिली भेट

ती फाउंडेशन कोर्समध्येच उरका. रॅगिंगची भीती आणि घरची आठवण दोन्ही त्याच दिवसांत तीव्र असतात. तासभर पुरतो. चेंबरमध्ये टेबलापलीकडे बसू नका, गोल बसा. प्रत्येकाकडून एक कार्ड भरून घ्या: फोन, घरचा फोन, अडचणीत आधी कोणाला कळवायचं त्या व्यक्तीचं नाव (ती आई-वडीलच असेल असं नाही), राहण्याची जागा, दमा, फिट्स, मधुमेह असं काही असल्यास आणि चालू औषधं. नीटचे मार्क आणि प्रवेशाचा प्रवर्ग विचारायचा नाही. गटातल्या कोणी दुसऱ्याला विचारला तर तिथेच थांबवायचं.

मग गोपनीयतेची मर्यादा सांगा, मोजक्या शब्दांत: "इथे बोललेलं माझ्याकडेच राहील. पण तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, रॅगिंग असेल किंवा लैंगिक छळ असेल, तर मला पुढे कळवावं लागेल, आणि ते मी तुम्हाला सांगूनच करीन." हे आधी न सांगता नंतर कळवलं तर तो मुलगाच काय, त्याची अख्खी बॅच पुन्हा येत नाही.

इथे एक कायदेशीर गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एमबीबीएसच्या प्रवेशाला १७ वर्षं पुरतात, म्हणजे फर्स्ट इयरला काही मुलं अठराच्या आतली असतात. त्यांच्या बाबतीत लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'घरगुती पातळीवर मिटवू' हा पर्याय तुमच्या हातात नसतो. सज्ञान विद्यार्थिनीची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने त्यासाठी घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे. दोन्ही प्रसंगी मेंटॉरने सोबत करायची, चौकशी करायची नाही.

प्रश्न कसे विचारायचे

"काही प्रॉब्लेम आहे का?" याचं उत्तर "नाही सर" असंच येतं. त्याऐवजी असं विचारा की उत्तरात एखादी वस्तुस्थिती यावीच लागेल. काल रात्री किती वाजता झोपलास? मेसमध्ये जेवतेस की बाहेरून मागवतेस? या आठवड्यात कोणतं लेक्चर डोक्यावरून गेलं? डिसेक्शनला स्कालपेल तुझ्या हातात शेवटचं कधी आलं? घरी फोन कोण करतं, तू की ते?

स्कालपेलचा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, पण टेबलावर कोण मागे उभं राहतं हे त्यातून लगेच कळतं, आणि जो टेबलावर मागे राहतो तो बहुधा व्हायवातही मागे राहतो. उत्तर आल्यावर लगेच सल्ला देऊ नका. आपल्याला ओपीडीत तीन मिनिटांत निदान करून प्रिस्क्रिप्शन लिहायची सवय लागलेली असते. तीच सवय इथे घात करते. "आमच्या वेळी" हे दोन शब्द तर पूर्ण बंद. वैयक्तिक भेटीत दार उघडं ठेवा किंवा काचेच्या खोलीत बसा.

गटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त वेळ आणि जागा कळवायला. कोणाचे मार्क, कोणाची गैरहजेरी, कोणाचा वाढदिवससुद्धा तिथे नको. वाढदिवस कळला की हॉस्टेलवर मध्यरात्री काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे.

काम द्या

सर्वांत सोयीचं काम अभ्यासक्रमातच आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. विद्यार्थी गावातली कुटुंबं घेऊन त्यांच्या आरोग्याचा मागोवा ठेवतात. पीएसएम (सामाजिक वैद्यक) विभाग बस आणि गाव ठरवतोच. तुमच्या गटातल्या पाचजणांची कुटुंबं एकाच आळीत येतील एवढं त्यांच्याकडून करून घ्या, आणि वर्षातून दोन फेऱ्यांना स्वतः जा.

गावात गेल्यावर शिकवायला लागू नका. मुलांना बीपी मोजू द्या. माणूस पाच मिनिटं शांत बसला का, कफ दंडाला पुरेसा होता का, हात हृदयाच्या पातळीला टेकवला होता का, एवढं फक्त पाहा. चूक घरातल्या माणसांसमोर काढायची नाही, बाहेर आल्यावर सांगायची. परत निघण्याआधी शाळेच्या व्हरांड्यात वीस मिनिटं बसा आणि एकच विचारा: आज कुठे अडलात? त्या वीस मिनिटांत जे बाहेर येतं ते चेंबरमधल्या तीन बैठकांत येत नाही.

दुसरं काम भाषेचं. मराठी माध्यमातला मुलगा फिजिऑलॉजी समजलेला असूनही व्हायवात गप्प राहतो, कारण वाक्य इंग्रजीत जुळवेपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असतो. परराज्यातल्या मुलीचं इंग्रजी छान असतं, पण वॉर्डात आजीबाई "छातीत भरून आल्यासारखं होतंय" म्हणाल्या की ती शेजाऱ्याकडे बघते. या दोघांची जोडी लावा. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला पंधरा मिनिटं. त्याने एक रचना किंवा एक प्रक्रिया इंग्रजीत पाच वाक्यांत मोठ्याने सांगायची. तिने मराठीत हिस्टरीचे पाच प्रश्न विचारायचे आणि रुग्ण खरोखर वापरतात ते शब्द ओळखायचे: धाप लागणे, कळ येणे, ठणकणे, घेरी येणे, अंगावरून जाणे, पोटात मुरडा. 'दुखतंय' एवढ्यावर थांबणारा विद्यार्थी कळ, ठणका आणि जळजळ यांत फरक करायला शिकला की हिस्टरी आपोआप सुधारते. काही आठवड्यांनी दोघांनाही गटासमोर बोलायला लावा. नुसतं "इंग्रजी सुधार" म्हटल्याने काही सुधारत नाही.

सेकंड इयरनंतर वेगळीच अडचण येते. मुलं वॉर्ड चुकवून मॅरो किंवा प्रेपलॅडर या कोचिंग अ‍ॅपची व्हिडिओ लेक्चर पाहत बसतात, कारण पीजीच्या (पदव्युत्तर) प्रवेशाची चिंता आतापासून असते. भाषण देऊन ती वॉर्डात येत नाहीत. क्लिनिकल मेंटॉरने आठवड्यातून एक दिवस आपल्या युनिटवर गटातल्या दोघांना एक केस देऊन ती पंधरा मिनिटं ऐकून घेतली, तर येतात.

हजेरी आणि इंटर्नल

नियम साधा आहे: थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के हजेरी, इंटर्नलमध्ये थिअरी आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळे किमान ४० टक्के आणि मिळून ५० टक्के. फर्स्ट इयरला चारच प्रयत्न मिळतात. मुलांना नियम माहीत असतो, गणित माहीत नसतं. ते कागदावर करून दाखवा. वर्षात १०० लेक्चर आहेत, पहिल्या ४० पैकी १२ बुडाली. आता ७५ गाठायला उरलेल्या ६० पैकी ४७ बसावी लागतील, म्हणजे फक्त १३ सुट्ट्या, आणि त्यात दिवाळीला लवकर निघणं, आजारपण, बहिणीचं लग्न सगळं आलं. विभागाची हजेरी दर महिन्याला मागवा आणि ८० च्या खाली आलेल्याला त्याच आठवड्यात भेटा. ७५ च्या खाली गेल्यावरची भेट म्हणजे पंचनामा.

पहिल्या इंटर्नलमध्ये नापास झालेल्याला निकालानंतर दोन दिवसांत बोलवा आणि उत्तरपत्रिका घेऊनच बसा. "अभ्यास केला नाही" हे कारण मुलगा स्वतःच देतो, कारण ते सगळ्यात सोपं असतं. पेपर वेगळं सांगतो. सुरुवातीचे दोन प्रश्न चार-चार पानं आणि शेवटचे कोरे: वेळेचं गणित चुकलं, घड्याळ लावून तीन जुने पेपर लिहून घ्या. सगळं लिहिलंय, पण आकृती नाही, मथळे नाहीत, मार्क निम्मे: लिहिण्याची रीत माहीत नाही, चांगली उत्तरपत्रिका शेजारी ठेवून दाखवा. मधूनमधून अख्खे प्रश्न कोरे: काही प्रकरणं वाचलीच नाहीत, कोणती ते विचारा, बहुधा एकाच महिन्यातली निघतात, आणि मग त्या महिन्यात काय झालं होतं हे विचारता येतं. घरातलं आजारपण, हॉस्टेलमधला त्रास, मोडलेली मैत्री, हे अशा वाटेने समोर येतं, थेट विचारून नाही.

मन ढासळलेलं दिसलं तर

आयोगाच्या टास्क फोर्सच्या २०२४ च्या अहवालात, पाहणीत भाग घेतलेल्या पदवीच्या २५,५९० विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के जणांनी मानसिक आरोग्याची तक्रार असल्याचं सांगितलं. वीसजणांच्या गटाला लावून पाहिलं तर पाचजण तरी होतात. तेव्हा 'आपल्या गटात कोणी नाही' असं वाटत असेल तर बहुधा तुम्हाला कळलेलं नाही.

खुणा: आधी नियमित असलेला अचानक दिसेनासा होणे, मेस सोडणे, दिवसा झोप आणि रात्रभर जाग, मित्रांना आपल्या वस्तू देऊन टाकणे, "आता सगळं ठीकच होणार" असा अनपेक्षित निवांतपणा. शंका आली तर स्पष्ट विचारा: "जीव द्यावा असा विचार मनात येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणी तरी विचारलं याचा आधारच वाटतो. उत्तर 'हो' असेल तर पुढचा क्रम ठरलेला आहे. त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी स्वतः सोबत जाऊन मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. खोलीत औषधं साठवलेली असतील तर वॉर्डनच्या मदतीने हलवा. घरी कळवायचं आहे हे त्याला सांगून कळवा. रात्री-अपरात्री मदत लागली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मग तिसऱ्या दिवशी भेट, आणि पुढचे चार आठवडे दर आठवड्याला.

मुलं आपल्याच रुग्णालयाच्या सायकियाट्रीत जायला कचरतात, कारण केस पेपर काढणारा, बाकावर बसलेला इंटर्न आणि पुढे परीक्षा घेणारे, सगळे ओळखीचे. योजनेच्या संयोजकाने आधीच दुसऱ्या संस्थेतल्या एखाद्या तज्ज्ञाशी बोलून ठेवावं किंवा ओपीडीनंतरची वेगळी वेळ ठरवून घ्यावी. आणि मेंटॉरने स्वतः उपचार करू नयेत. "झोप येत नाही सर" म्हटल्यावर पॅडवर अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी लिहून देणं ही मदत नव्हे.

आत्महत्येचा प्रयत्न झालाच, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ त्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच गृहीत धरतं. कारणे दाखवा नोटीस, हॉस्टेलमधून काढणे असले प्रकार कोणी सुचवले तर तुम्ही हे कलम पुढे करायचं.

रॅगिंग

लेखी घ्या, त्याच दिवशी अँटी-रॅगिंग समितीकडे द्या. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते, आणि टाळली तर तो रॅगिंगला साथ दिल्यासारखं धरलं जातं. विद्यार्थी लिहून द्यायला घाबरत असेल तर १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. दोन्ही बाजूंना चहाला बोलावून हात मिळवायला लावू नका. खोली बदलायची वेळ आली तर आरोप असलेल्याची बदला. तक्रार करणाऱ्याची बदलली की बाकी हॉस्टेल त्यातून हवा तो अर्थ काढतं.

नोंदी आणि बदली

नोंदींच्या दोन वह्या ठेवा. एकीत तारीख, हजर विद्यार्थी, विषय एका ओळीत. ती इन्स्पेक्शनला दाखवायची. दुसरी तुमची, कुलपात: प्रत्येकाचं एक पान, पुढच्या भेटीत काय विचारायचं एवढंच. निदान, घरची भांडणं, कोणाचं कोणाशी जमतं, यातलं काही कुठेच लिहू नका. योजना चालतेय का हे बैठकांच्या संख्येवरून ठरवू नका. दोन गोष्टी मोजा: न बोलावता किती विद्यार्थी आपणहून आले, आणि इंटर्नलला घसरलेल्यांपैकी कितीजणांची युनिव्हर्सिटी परीक्षेआधी भेट झाली. विद्यार्थ्याला एकदा, कारण न देता, मेंटॉर बदलता यावा. कोणी बदलला म्हणून रुसायचं नाही.

बदलीची ऑर्डर आली तर जाण्यापूर्वी नव्या मेंटॉरला घेऊन गटासमोर बसा, वीस मिनिटं पुरतात. कोणाबद्दल काही विशेष सांगायचं असेल तर आधी त्या विद्यार्थ्याला विचारा. नको म्हणाला तर सांगायचं नाही, मात्र पहिल्या भेटीत सांगितलेले गोपनीयतेचे अपवाद इथेही लागू आहेत. हजेरीची वही आणि कार्डं नव्या मेंटॉरकडे द्या. दुसरी वही कोणाकडेही द्यायची नाही, फाडून टाकायची.